पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. सोनौलीची कमान ओलांडली की मनगटावरचे काटे तेवढे सरकवायचे. १९९४ च्या जुलैमध्ये मी ती कमान पहिल्यांदा ओलांडली तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. त्यामुळे काठमांडूजवळच्या पाटणमधल्या लहानशा बायबल शाळेत पहिल्याच तासाला मी पंधरा मिनिटं उशिरा पोचले. चौदा विद्यार्थी सुकुलवर, म्हणजे गवती चटईवर, मांडी घालून माझी वाट बघत बसलेले. कुणी हसलं नाही, कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. सगळे उठून उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, "जयमसीह, मिस!" मी मात्र दिवसभर स्वतःशी चरफडत होते. नगरहून निघून चार दिवस प्रवास केला आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत घात झाला.

आमच्या गल्लीत तर मी परदेशी गेले यावर कुणाचा विश्वासच नव्हता. परदेश म्हणजे विमान, परदेश म्हणजे अमेरिका, फार तर दुबई. मनमाडहून रेल्वेने गोरखपूर आणि पुढे बसने जाता येतं, पासपोर्टही लागत नाही, तो कसला परदेश? मंडळीतल्या एका काकूंनी उपासना सुटल्यावर हळूच विचारलं होतं, "काय गं, पगार डॉलरमध्ये का?" पगार नेपाळी रुपयांत होता आणि तो सांगण्यासारखा नव्हता. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये. हा दर १९९३ साली ठरला आणि इतक्या वर्षांत तो हललेला नाही. दुकानात भाव ऐकला की आधी विचारून घ्यायचं, "आयसी की एनसी?" भारतीय चलन की नेपाळी. हे कळेपर्यंत पहिला महिना मी सगळे भाव आयसी समजत होते आणि घाबरून साधी कांदा-बटाट्याची खरेदीसुद्धा टाळत होते.

शिकवायला जायच्या या वेडाचं मूळ आमच्या आजीत आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ पासूनचं. त्या मिशनच्या वडाळ्याच्या ठाण्यावर माझी आजी बायबलबाई होती. सकाळी भाकरी बांधून घ्यायची आणि गावोगाव चालत जायचं, बायकांना ओट्यावर, गोठ्यात, विहिरीवर जमवायचं, शास्त्रातली गोष्ट सांगायची आणि जमलं तर अक्षरओळख करून द्यायची. तिच्या पिशवीत एक शुभवर्तमान, एक अंकलिपी आणि कुनैनच्या गोळ्या असत. दिवसाला आठ-दहा मैल तिची चाल. संध्याकाळी पाय दाबून घेताना ती मला त्या दिवसाचा पाठ परत सांगायची. मला वाटायचं माझ्यासाठी सांगते, पण खरं तर ती उद्याची तयारी करत असायची.

मी स्वतः शिकले पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत. मूळची ती यवतमाळची, १९५३ साली सुरू झालेली. १९८३ मध्ये बिबवेवाडीला आली. आमच्या वर्गात मिझो होते, नागा होते, तमिळ होते आणि दोन नेपाळी होते. त्यातल्या एकाचं पत्र आलं की काठमांडूच्या खोऱ्यात एक प्रशिक्षण शाळा सुरू केली आहे, जुना करार शिकवायला माणूस नाही, तीन महिने ये. मी तीन महिन्यांसाठी गेले आणि चार वर्षं राहिले.

तो काळ तिथे नुकतं झाकण उघडल्यासारखा होता. १९९० च्या जनआंदोलनापर्यंत नेपाळात धर्म बदलणाऱ्याला एक वर्षाची कैद होती आणि बदलवणाऱ्याला त्याहून जास्त. माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघांचे वडील तुरुंगात जाऊन आलेले. आंदोलनानंतर कैदी सुटले, मंडळ्या घरांच्या आतल्या खोल्यांतून बाहेरच्या खोल्यांत आल्या. तरी सवय सुटली नव्हती. गाणं सुरू झालं की कुणी तरी आपोआप उठून खिडकी लावून घ्यायचं. चार वर्षांपूर्वीच त्याची गरज संपली होती, पण हात ऐकायचे नाहीत.

शाळा म्हणजे पाटणच्या एका गल्लीतल्या जुन्या विटांच्या घराचे वरचे दोन मजले. नेवारी घरांचे दरवाजे बुटके. पहिल्या आठवड्यात माझ्या कपाळावर तीन टेंगळं आली. तळमजल्यावर घरमालक साहुजींचा मूर्तींचा कारखाना. पाटणचे शाक्य कारागीर पिढ्यानपिढ्या बुद्धाच्या आणि तारादेवीच्या मूर्ती ओततात, त्यांपैकीच ते एक. खाली ते छिन्नी-हातोडीने तारेच्या मुकुटावर नक्षी ठोकत असत आणि वर मी दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा शिकवत असे, कोरीव मूर्ती करू नकोस ही. तासाभरात एकदा तरी नेमक्या शब्दावर हातोडी पडायची. परीक्षेच्या आठवड्यात मात्र साहुजी आपण होऊन हातोडीचं काम बंद ठेवायचे आणि पोरांना पॉलिशला बसवायचे. इतका समजूतदार शेजार मला पुढे ख्रिस्ती घरमालकांकडेही मिळाला नाही.

भाषेची गंमत तर विचारू नका. नेपाळी देवनागरीतच लिहितात, म्हणून मी निर्धास्त होते. पण फळ्यावर मी मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' काढले की वर्ग गोंधळायचा. 'ळ' तर त्यांच्याकडे नाहीच. एकाने तो वहीत चित्रासारखा काढून ठेवला होता. त्याहून वाईट ओळखीचे शब्द. शाळेच्या दाराशी एक लहान पाटी होती, तिच्यावर 'शिक्षा' हा शब्द होता. त्या पाटीजवळचा माझा फोटो नगरला पाठवला तर धाकट्या भावाचं उत्तर आलं, "कशाबद्दल?" नेपाळीत 'संसार' म्हणजे जग. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात देवाने संसारावर प्रीती केली असं पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मराठी कानाला त्यात भांडीकुंडी आणि पाळणा ऐकू आला, आणि तो अर्थही मला वाईट वाटला नाही.

खरी फजिती झाली ती 'तर' या दोन अक्षरांनी. आपला 'तर' पुढे नेतो: असं आहे, तर मग असं. नेपाळीतला 'तर' म्हणजे 'पण'. आणि 'पनि' म्हणजे 'सुद्धा'. मी पौलाचं गलतीकरांस पत्र शिकवत होते. पौल म्हणजे तर्काचा माणूस, वाक्याला वाक्य जोडत जाणारा. मी माझ्या हिंदी-मिश्रित नेपाळीत प्रत्येक जोडावर सवयीने मराठी 'तर' घालत होते आणि प्रत्येक जोडावर माझा पौल स्वतःलाच खोडून काढत होता. तीन दिवसांनी वर्गातला सर्वांत वयस्कर विद्यार्थी, आम्ही त्याला धादिङ दाइ, म्हणजे दादा, म्हणायचो, अदबीने म्हणाला, "मिस, हा पौल स्वतःशीच का भांडतोय?"

(सगळ्यांची नावं अशीच होती. रोल्पा, गोरखा, धादिङ, जुम्ला. ज्या जिल्ह्याचा, त्याचं ते नाव.)

पुस्तकांच्या इतिहासात मात्र आम्ही भाऊबंद निघालो. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या ज्या छापखान्यातून विल्यम केरीने १८११ मध्ये मराठी नवा करार काढला, तिथूनच १८२१ मध्ये नेपाळी नवा करार निघाला. दोन्ही भाषांची माणसं त्या गावापासून शेकडो मैल दूर. संपूर्ण नेपाळी बायबल पुरं झालं १९१४ साली दार्जिलिंगमध्ये, गंगाप्रसाद प्रधान यांच्या हातून. हे मूळचे काठमांडूचे नेवार. बायबल पुरं करून ते कुटुंबकबिला घेऊन काठमांडूला परतले, तर दरबाराने त्यांना खोऱ्याबाहेर काढलं. हा धडा मी शिकवायचे तेव्हा वर्गात कुणी टिपणं घ्यायचं नाही, नुसते ऐकत राहायचे. आणि नेपाळी बायबलात 'नीतिसूत्रे' या पुस्तकाचं नाव काय, तर 'हितोपदेश'. आपल्याकडे ते नाव ऐकलं की विष्णुशर्म्याच्या गोष्टींतले कोल्हे आठवतात.

शिकवायची साधनं म्हणजे एक फळा, भिंतीवर शाईने काढलेला पौलाच्या फेऱ्यांचा नकाशा आणि सायक्लोस्टाईलचं यंत्र. मी रात्री टुकीच्या, आपल्याकडच्या चिमणीच्या, उजेडात स्टेन्सिल कोरायची. एक अक्षर चुकलं की लाल द्रव लावा, वाळू द्या, परत कोरा. सकाळी सगळ्यांचे हात काळे. पण कागद महाग, म्हणून बहुतेक सगळं फळ्यावरून वहीत उतरायचं. आठवड्याचा सुट्टीचा दिवस तिथे शनिवार, म्हणून मंडळ्यांची उपासनाही शनिवारी. मंगळवारी शिकवलेला पाठ शनिवारी कुणाच्या तरी घरात सांगितला जायचा. सेमिस्टर संपलं की वह्या प्लास्टिकमध्ये बांधून ही पोरं डोंगरात निघायची. काठमांडूहून बस जिथवर जाईल तिथवर बस, पुढे एक दिवस, दोन दिवस, जुम्लाच्या पोराला तर आठवड्यावर चाल. गावात पोचलं की ज्यांना वाचता येत नाही अशी वीस-तीस माणसं त्या वहीची वाट बघत असायची. म्हणून वर्गात विद्यार्थी जे प्रश्न विचारायचे ते स्वतःसाठी नसायचे. "हे माझ्या काकीला कसं सांगू?" असं ते विचारायचे. मला माझी आजी आठवायची.

पुण्यात आम्ही करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय शिकलो होतो. मूर्तींना वाहिलेलं मांस खावं की खाऊ नये. दहा मार्कांचा प्रश्न, दोन बाजू मांडायच्या, प्राचीन करिंथची पार्श्वभूमी द्यायची, संपलं. पाटणमध्ये मी हा अध्याय योगायोगाने दशैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या, आधीच्या आठवड्यात काढला आणि वर्गात सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. चार दिवसांनी ही सगळी पोरं घरी जाणार होती. घरोघर देवीला बोकड पडणार होता, आई ताट वाढणार होती, आणि म्हातारे वडील दही-तांदूळ-कुंकवाचा टिका लावायला कपाळ पुढे कर म्हणणार होते. माझा दहा मार्कांचा प्रश्न त्यांच्या स्वयंपाकघरात शिजत होता. गोरखा म्हणाला, "मिस, पौलाला आधी माझ्या आईला भेटायला सांगा."

मांसाबद्दल पौलाचं म्हणणं निदान कागदावर होतं. टिक्याबद्दल नव्हतं. मला विचारलं, आणि मी, एकतीस वर्षांची, परगावची, नेपाळात तीन महिने काढलेली, झटकन उत्तर दिलं: "घेऊ नये." रोल्पाने माझं ऐकलं. वडिलांसमोर कपाळ मागे घेतलं. वडील त्याच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. तो परत आला आणि त्याने हे मला अगदी साधेपणाने सांगितलं, तक्रारीचा सूरही नव्हता. त्याच्या आधीच्या पिढीचे काही विश्वासणारे टिका घेत, काही घेत नसत, काही वडिलांच्या पाया पडून आशीर्वाद मागत आणि तेवढ्यावर म्हाताऱ्याचं समाधान होई. हे सगळं मला कुणालाही विचारून कळलं असतं. मी विचारलं नाही. परदेशात शिकवायला जाणाऱ्या माणसाच्या ठायी जी एक घाई असते, ती माझ्यात होती. त्यानंतर असा प्रश्न आला की मी धादिङ दाइकडे वळायचे.

दुसरा प्रश्न मरणाचा. बाप गेला तर चितेला अग्नी कोण देणार, तेरा दिवस पांढऱ्या कपड्यांत बसायचं की नाही, आणि आपलं माणूस गेलं तर पुरायचं कुठे? खोऱ्यात ख्रिस्ती लोकांना स्मशानभूमीच नव्हती. पशुपतीनाथाजवळच्या श्लेष्मांतक वनात किरात लोक आपले मृत पुरत, त्यांच्याच शेजारी गुपचूप जागा शोधायची. पुढे २०११ मध्ये तिथेही बंदी आली, मोर्चे निघाले. मी चार वर्षांत तीन अंत्यविधींना गेले. तिन्ही वेळा आम्ही अंधार पडायची वाट बघितली होती.

चौदांत मुली दोनच. मागच्या बाजूला, दाराजवळ बसायच्या, कारण मध्येच उठून भात बघायला जावं लागायचं. हे मला तेव्हा खटकलं नाही. आता लिहिताना खटकतंय.

चार वर्षांनी मी नगरला परतले, शाळेत नोकरी केली, आणि दर हिवाळ्यात तीन आठवड्यांचा एखादा कोर्स शिकवायला जात राहिले. माओवादी युद्धाच्या दहा वर्षांत बंदच्या तारखा बघून तिकीट काढायचं. २००९ च्या हिवाळ्यात दिवसाला सोळा तास वीज नव्हती. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून गलतीकरांस पत्राचे तास लावले होते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाच्या वेळी मी नगरलाच होते. शनिवार होता, नेपाळच्या घड्याळात अकरा वाजून छप्पन्न मिनिटं. सगळ्या देशातल्या मंडळ्या उपासनेला बसलेल्या. आमच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांच्या मंडळ्यांची छपरं त्या वेळी खाली आली. साहुजींचं घर उभं राहिलं, पण मधोमध चिरलं. शाळा तिथून हलली.

२०२३ मध्ये गेले ती विमानाने, मुंबईहून तीन तासांत. काकू आता हयात नाहीत, नाही तर त्यांना सांगितलं असतं. शाळा रिंग रोडच्या दक्षिणेला, सिमेंटच्या तीन मजली इमारतीत. प्रोजेक्टर, वायफाय, पिण्याच्या पाण्याचं यंत्र. फी मोबाईलवरून ई-सेवाने भरतात. वर्गात सोळाजण, त्यात नऊ मुली, आणि भात बघायला कुणालाच उठावं लागत नाही. स्वयंपाकाला माणूस आहे. मला आता 'गुरुआमा' म्हणतात. नेपाळात हा शब्द शिक्षिकेलाही आहे आणि पाळकाच्या बायकोलाही. त्यामुळे नवीन माणूस भेटला की माझ्या मागे पाळक शोधतो.

बहुतेकजण ख्रिस्ती घरांत जन्मलेले, काही तर तिसऱ्या पिढीचे. करिंथकरांचा आठवा अध्याय काढला आणि मी त्या जुन्या शांततेची वाट बघत राहिले. एक मुलगी पटपट लॅपटॉपवर लिहीत होती. दुसऱ्या एकाने सांगितलं की या अध्यायावर कुठल्याशा अमेरिकन प्रचारकाचा व्हिडिओ आहे, त्यात वेगळाच अर्थ सांगितलाय, बरोबर कोणाचं? मी म्हटलं, तुझ्या घरी दशैंला काय करता? तो म्हणाला, "दशैंला आम्ही पोखऱ्याला फिरायला जातो."

यात वाईट काय? काहीच नाही. त्याच्या आजोबांनी बापाचा अबोला सोसला म्हणून हा पोखऱ्याला जाऊ शकतो. तरी माझा तास पडला तो पडलाच. ज्या पाठाने जवळजवळ तीस वर्षांपूर्वी घरं हलली, तो पुन्हा दहा मार्कांचा झाला होता.

शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र एकमुखाने होता: "गुरुआमा, या प्रमाणपत्राला मान्यता आहे का?" शाळा अजून कुठल्याही मोठ्या संस्थेशी जोडलेली नाही, त्यासाठी खटपट चालू आहे. मला राग आला. मी त्यांना आजीची गोष्ट ऐकवली. वडाळा, आठ-दहा मैल, अंकलिपी, कुनैन, आणि तिला कुणी कागद दिला नव्हता हे जरा जास्तच जोरात सांगितलं. सिंधुपाल्चोकची एक मुलगी, तेवीस-चोवीसची असेल, शांतपणे म्हणाली, "गुरुआमा, आजींना कागद असता तर पगार पुरुष प्रचारकांइतका मिळाला असता ना?"

आजीचा पगार प्रचारकांच्या निम्मासुद्धा नव्हता. हे मला माहीत होतं आणि मी ते गोष्टीत कधीच सांगत नसे. त्या मुलीच्या मंडळीतले वडीलधारे कागदाशिवाय बाईला बोलू देत नाहीत. तिला कागद हवाय तो एवढ्यासाठी. शाळेच्या संचालकांना मी त्या रात्री सांगितलं की मान्यतेचे अर्ज भरायचे असतील तर मी बसते.

कायदाही परत वळला आहे. २०१८ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत दुसऱ्याचं धर्मांतर करवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे; परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर रवानगी. इथे 'शिक्षा' आपल्या अर्थाने. मी शिकवते ती मंडळीतल्याच मुलांना, त्यामुळे मला भीती नाही. पण गाणं सुरू झाल्यावर एका वयस्कर पाळकांनी उठून खिडकी लावली ती मी पाहिली. हातांना अजून आठवण आहे.

त्याच फेरीत मी धादिङ दाइंच्या गावी गेले. पूर्वी धादिङबेसीहून दोन दिवसांची चाल होती, आता जीप चार तासांत नेऊन सोडते. दाइ सत्तरीचे. मंडळी तीनशे माणसांची. त्यांनी फडताळातून प्लास्टिकमध्ये बांधलेली वही काढली. १९९५ ची. धुराने पिवळी पडलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण अक्षर न् अक्षर शाबूत. याच वहीवरून त्यांनी आजवर शिकवलं आणि आजूबाजूच्या तीन गावांतल्या पोरांनी तिच्या नकला उतरवल्या. मी पानं उलटत होते आणि एका ओळीवर थांबले. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं ते ख्रिस्तपूर्व ५६८ मध्ये, असं लिहिलं होतं. ते साल ५८६. फळ्यावर मी आकडे उलटे लिहिले असणार, टुकीच्या उजेडात झोप न झालेली, आणि ती चूक अठ्ठावीस वर्षं डोंगर चढत-उतरत होती. तीन गावांत यरुशलेम अठरा वर्षं उशिरा पडलं होतं.

मी पेन मागितलं. दाइ म्हणाले, "खोडू नका, बाजूला लिहा."

आजकाल माझ्या टिपणांची पीडीएफ असते. चूक सापडली की मिनिटात दुरुस्त होते आणि नवी प्रत सगळ्यांच्या फोनवर जाते. मागच्या वर्षी मी एका पानावर मुद्दाम दोन राजांची नावं उलटी ठेवली. कुणाच्याही लक्षात आलं नाही. वाचलंच नव्हतं.

एवढ्यावर हा लेख संपवला असता तर माझ्या वयाच्या शिक्षकांना तो आवडला असता. पण कोविडच्या सुमारास एक भलतंच घडलं. एका विद्यार्थ्याचा भाऊ कतारमध्ये परांची बांधायच्या कामावर होता. फोनवर त्याने आमचा एक तास ऐकला आणि विचारलं, आम्हालाही शिकवाल का? आता दोह्याजवळच्या कामगार वसाहतीतल्या एका खोलीत, दुमजली पलंगांवर, अकराजण बसतात. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला. काहीजण वर्गाला येतात ते बूट काढायच्या आधी. प्रमाणपत्राचं नाव कुणी काढत नाही. टिपणं घेतात वहीत, कारण फोनची मेमरी घरच्या फोटोंनी भरलेली असते. आणि ते विचारतात, "हे शेजारच्या खोलीतल्यांना कसं सांगू?"

त्यांना मी रूथचं पुस्तक शिकवलं. पाटणमध्ये ते मी सासू-सुनेची गोष्ट म्हणून शिकवायचे, मुली डोळे पुसायच्या. दोह्यात ती वेगळीच गोष्ट निघाली. दुष्काळ पडला म्हणून अलीमलेख बायको-मुलांना घेऊन परमुलखात पोटासाठी गेला, आणि पहिल्या पाच ओळींत तो आणि त्याचे दोन्ही मुलगे तिथेच मेले. मी इथवर आले आणि पलीकडून आवाज बंद झाला. मला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क होतं. काठमांडूच्या विमानतळावर आखातातून जवळजवळ रोज शवपेट्या उतरतात, हे त्या खोलीत कुणाला सांगायची गरज नव्हती.

मग एकजण म्हणाला, "गुरुआमा, नामीने नवऱ्याला आणि मुलांना घरी नेलं की तिथेच पुरलं?"

मी म्हटलं, शास्त्रात ते लिहिलेलं नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिथेच पुरलं असणार. परत आली तेव्हा तिच्याबरोबर फक्त सून होती."

इतकी वर्षं मी रूथ शिकवते. ही ओळ मला दिसली नव्हती. आता माझ्या टिपणांत ती आहे, पाटणच्या वर्गातही मी ती सांगते, आणि कुणी सांगितली तेही सांगते.

हा वर्ग शुक्रवारी असतो, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, दोह्यात संध्याकाळी साडेसातला. तेव्हा नगरला दहा वाजलेले असतात आणि पाटणला सव्वादहा. माझं मनगटावरचं घड्याळ मी अजून नेपाळच्याच वेळेवर ठेवते. त्यामुळे त्यात दहा वाजले की मी फोन लावून बसते, आणि पलीकडे कुणी आलेलं नसतं.